रापणीची गाडी आणि यशोदाकाकी

कोल्हापूरच्या त्या मोटारवाल्याचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर त्याची तेवढीच जाहिरात होईल, आणि तेवढं मोठं मन मला देवानं दिलेलं नाही. एकसष्ट-बासष्ट सालची गोष्ट. तो माणूस आज असेल किंवा नसेलही. पण यशोदाकाकीचं नाव निघालं की मला आधी तोच आठवतो आणि माझं डोकं फिरतं. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर ही बाई जन्मभर मासे विकून ताठ मानेनं जगली, आणि तिच्या मुलाला चोर ठरवायला ह्या गृहस्थाला एक वाक्य पुरलं.

मी तेव्हा वाडीजवळच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. काकी रोज सकाळी डोक्यावर हारा, म्हणजे मासळीची मोठी टोपली, घेऊन आमच्या दारावरून जायची. बुटकी, काळीसावळी, काष्टा घट्ट मारलेला. वर्षानुवर्षं ओझं वाहून टाळूवरचे केस विरळ झालेले. विकण्याची तिची एक रीत होती. गिऱ्हाईक मासा परत घेऊन आलं तर ती कुरकुर करायची नाही. कल्ले उघडून बघायची. मासा खरंच उतरलेला असेल तर मुकाट्यानं दुसरा काढून द्यायची. नसेल तर त्या माणसाला भर रस्त्यात असं काही ऐकवायची की तो पुढचा महिनाभर वेगळ्या वाटेनं बाजारात जायचा. दोन्ही बाबतींत ती सारखीच खरी होती, म्हणून तिचा हारा सगळ्यांच्या आधी रिकामा व्हायचा.

तिचा नवरा शंकर रापणीत होता. रापण म्हणजे काय ते घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. होडी लांबलचक जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फेरा मारते आणि जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणून देते. मग वाडीतले पुरुष दोन रांगा करून ते दोर ओढतात. जाळं एकट्याचं नसतं, सगळ्यांचं असतं. आलेली मासळी वाळूवर ओतायची आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाटे घालायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग माणसागणिक. म्हाताऱ्यांना वाटा असतो, विधवांना असतो. दोरावर ज्याची त्याची जागा ठरलेली असते आणि ती बापाकडून मुलाकडे येते. शंकर तापानं गेला तेव्हा त्याची जागा सहदेवला, म्हणजे काकीच्या एकुलत्या एक मुलाला मिळाली.

ह्या सगळ्या कारभारात एका गुन्ह्याला क्षमा नाही. वाटे पडण्याआधी एखादा मासा पायानं वाळूत लोटायचा, वर वाळू सारायची आणि मागाहून येऊन काढून न्यायचा. मासा पुरला, असं कुणाबद्दल ठरलं की तो रापणीतून गेला. त्याच्याशी कुणी भांडत नाही, त्याला कुणी मारत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी दोरावर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा असतो. त्याच्या घरच्या मुलीला मग स्थळं येत नाहीत आणि मुलाला कुणी मुलगी देत नाही.

एका हंगामात बांगडा असा लागला की वाडीत ठेवायला जागा उरली नाही. हाती पैसा आला. नवी होडी घ्यायची की काय करायचं, यावर देवळात बैठक बसली. गुणाजी हा रापणीचा मुख्य. वयानं साठीला आलेला, बोलायला जड, आणि एकदा बोलला की मागे न घेणारा. तो म्हणाला, होड्या पुष्कळ झाल्या, आपण मोटार घेऊया. मुंबईला जाणाऱ्या माणसाला हमरस्त्यावर कसालला जायला एस.टी.ची वाट बघत बसावं लागतं. आपली गाडी भाड्यानं चालेल आणि सहदेव मुंबईत एका शेटकडे ड्रायव्हिंग शिकून आलेलाच आहे. सगळ्यांना पटलं. गाडी रापणीच्या पैशानं घ्यायची, रापणीच्याच रीतीनं चालवायची आणि उत्पन्नाचे रापणीसारखेच वाटे घालायचे असं ठरलं. रापणीत बावीस वाटेकरी, अशी ती बावीस मालकांची गाडी आली.

कोल्हापूरच्या त्या मोटारवाल्याच्या, समोर मोठाल्या काचा लावलेल्या दुकानातून आणली. लहानशी, गोलमटोल, फिकट हिरव्या रंगाची. एका डॉक्टरांनी वर्षभर जपून वापरलेली, असं दुकानदारानं सांगितलं होतं. आतून-बाहेरून नवी केली आहे, काही झालं तर आम्ही बसलो आहोत, असंही सांगितलं होतं. वाडीत ती आली तेव्हा बायकांनी तिला ओवाळलं. अंग गोल, डोळे बाहेर आलेले, म्हणून लोकांनी तिचं नाव कुर्ली ठेवलं. कुर्ली म्हणजे खेकडी.

कुर्लीनं पंधरा दिवस बरे काढले आणि मग रंग दाखवायला सुरुवात केली. हॉर्न दाबला की इंजिन गप्प. दिवे लावले की ती चढाला दम टाकायची. पुढची काच पुसायचा दांडा फिरायला लागला की आतला दिवा आपोआप पेटायचा आणि मग काही केल्या विझायचा नाही. कधी किल्ली फिरवून नुसता टक् असा आवाज. मग उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. आमच्या वळणावळणांच्या रस्त्यावर हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे डोळे बांधून चालणं. शेवटी सहदेवनं दाजीला पुढच्या सीटवर बसवलं. दाजी हा रापणीचा टेहळ्या. किनाऱ्यावर उभं राहून, पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आली ते ओरडून सांगणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. तो प्रत्येक वळणावर खिडकीतून डोकं बाहेर काढून असा हाळी द्यायचा की समोरून येणारा गाडीवान बैल थांबवून उभा राहायचा. वाटेवरच्या कुंभारमाठची माणसं घड्याळाऐवजी दाजीच्या आवाजावर विसंबू लागली. लोक हसायचे. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

पण एका गाडीला बावीस मालक असले की तक्रारीही बावीस असतात. जो तो म्हणायचा, माझ्या खेपेला बंद पडली, तुझ्या खेपेला कशी चालली? मथुरा नावाच्या म्हातारीला आंगणेवाडीच्या जत्रेला नेताना कुर्ली वाटेत मेली आणि देवीचं दर्शन हुकलं, तेव्हापासून ती सहदेवकडे बघून बोटं मोडायची. गाडीचं उत्पन्न घटत गेलं. सहदेव रोज संध्याकाळी येऊन सांगायचा, आज बंद पडली होती. रोजचंच झालं की खरी गोष्टसुद्धा बहाण्यासारखी वाटू लागते.

मग गुणाजी आणि दाजी स्वतः गाडी घेऊन कोल्हापूरला गेले. सहदेव चालवायला होताच. दुकानाच्या माणसानं गाडी चौकातल्या चौकात एकदा फिरवून आणली. हॉर्न मारला नाही, दिवे लावले नाहीत. दुकानदार गुणाजीला म्हणाला, "गाडीत काही दोष नाही. ड्रायव्हर बदला."

एवढंच. ह्या वाक्यानं काय होईल याचा त्याला विचार करावासा वाटला नाही. गुणाजीसारखा माणूस, ज्यानं समुद्राला कधी भीक घातली नाही, तो काचेच्या दुकानाला, टेबलावरच्या टेलिफोनला आणि डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याला भुलला. एवढ्या मोठ्या दुकानातला माणूस कशाला खोटं बोलेल, असं त्याला वाटलं. मला राग येतो तो ह्याचा. आपल्या वाडीत जन्मलेल्या, डोळ्यांसमोर वाढलेल्या पोराचा शब्द एका बाजूला आणि पंख्याखालच्या परक्या माणसाचा दुसऱ्या बाजूला, आणि तराजू कुठे झुकला बघा.

त्यातच कुणीतरी बातमी आणली, की सहदेवनं ज्या दिवशी गाडी बंद पडल्याचं सांगितलं त्याच दिवशी ती कट्टा गावच्या बाजारात उतारूंनी भरलेली दिसली. बैठक बसली. सहदेवनं खरं ते सांगितलं. गाडी दुपारपर्यंत बंदच होती. मग ढकलून चालू झाली. ज्या माणसांना दुपारभर उन्हात बसवलं त्यांच्याकडून भाडं मागायला जीभ रेटली नाही, म्हणून त्यांना फुकट पोचवलं. त्या पोराच्या अंगात बापाचा सरळपणा होता, तो त्याला असा भोवला. गुणाजी म्हणाला, "फुकट पोचयल्यान तर रापणीक इचारूक नाय. आणि पैशे घेतल्यान तर मासो पुरल्यान. वैशाखात हंगाम संपान रापण वर काढूच्या दिवशी काय ता ठरवया. सहदेवा, तवसर तू दोराक हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर होते. दोर ओढायला माणसं उभी राहिली आणि सहदेवची जागा मोकळी होती. अजून तिथे दुसरा माणूस आला नव्हता, एवढाच काय तो त्याचा मान राखलेला. सहदेव वर माडांत उभा होता, हात मागे बांधून. मला बघवलं नाही.

त्या संध्याकाळी यशोदाकाकी माझ्याकडे आली. ओट्यावर टेकली. रडली नाही, भांडली नाही.

"बाई, तुमची शाळा बंद झाली मा?" तिनं विचारलं.

"झाली. सुटी लागली."

"मगे माझ्यावांगडा कोल्हापुराक चला. थंय कचेरीतली भाषा लागता, ती माका येणा नाय. माका पैशे नको, गाडी नको. तेच्या तोंडातसून येकच गजाल काढून घेवची आसा. गाडयेत खोट आसा, एवढाच तेना म्हणाचा."

हो म्हणायला मला क्षणही लागला नाही.

कुर्लीतूनच गेलो. दोर काढून घेतला तरी गाडीची किल्ली सहदेवकडेच होती, ती चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. सहदेव चालवत होता, काकी मागे, मांडीवर सुक्या मासळीचं मोठं गाठोडं. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, रिकाम्या हातानं प्रवास केलेला तिला ठाऊक नाही. फोंडा घाटात मी आणि ती दोन ठिकाणी उतरून चाललो, कारण आम्हा दोघींचं वजन कुर्लीला झेपेना.

दुकानदारानं आम्हाला बसा म्हटलं नाही. गाठोड्याचा वास आला तसा खिशातून रुमाल काढला. "हां, ती मालवणची गाडी," तो म्हणाला. "मी मागेच सांगितलं ना तुमच्या लोकांना?"

काकी म्हणाली, "तो डायवर माझो झील. गाडी भायर उभी आसा. तू बस आणि हॉर्न मार."

'झील'चा 'मुलगा' आणि त्या 'तू'चं 'तुम्ही' करून मी त्याला ते सांगितलं. त्यानं मिस्त्रीला पाठवलं. मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं, हॉर्न दाबला आणि कुर्ली गप्प झाली. पुन्हा केलं, पुन्हा गप्प. मला वाटलं, झालं, आता काय बोलणार हा. पण बोलायला त्याच्याकडे कमी नव्हतं.

"खारी हवा," तो म्हणाला. "समुद्रावर सगळं गंजतं."

"बरा," काकी म्हणाली. "मगे तसा सांग. खाऱ्या हवेन गाडी बिगाडली, सहदेवान नाय."

"खाऱ्या हवेत गाडी सांभाळायची कुणी? ड्रायव्हरनंच ना? आणि मासे वाहिले असतील तुम्ही लोकांनी तिच्यातून. वास येतोय मला."

काकीचं आजचं गाठोडं सोडलं तर रापणीच्या गाडीत मासळीची एक शेपटीही कधी चढली नव्हती. उतारूंना वास येऊ नये म्हणून बावीस मालकांनी तो नियमच केला होता, आणि जी माणसं मासळीवर जगतात त्यांनी तो पाळला होता. मी तसं सांगायला लागले तर तो टेलिफोन उचलून दुसऱ्या कुणाशी तरी हसत बोलायला लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शाळेत पोरं असं वागली असती तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

काकी बाहेर आली. दुकानाच्या पायरीला लागून, कुर्लीच्या सावलीत तिनं गाठोडं सोडलं, फडका अंथरला आणि सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, मोरी मासा असं सगळं नीट मांडलं.

"काकी, हे काय?" मी विचारलं.

"माशांचो वास येता म्हणालो मा तो? मगे मासे इकतंय."

कोल्हापूरकरांना सुकी मासळी म्हणजे जीव की प्राण. वासावर माणसं आली. जो येईल तो विचारायचा, मालवणची बाई इथे मोटारीच्या दुकानापुढे कशी? आणि काकी बांगडे मोजता मोजता शांतपणे सांगायची, "ही गाडी ह्याच दुकानातली. हॉर्न मारलो की मरता. बघूचा आसा? जा, मार." सहदेव इंजिन चालू करून द्यायचा, माणूस हॉर्न मारायचा, गाडी मरायची, लोक हसायचे. तिनं कुणाला शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. रात्री आम्ही माझ्या मावशीकडे राहिलो आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी काकी पुन्हा पायरीशी. गाडी घ्यायला आलेलं एक जोडपं हॉर्न मारून बघून तसंच परत गेलं. आमच्याकडचा एक ट्रकवाला, गुरुदास नावाचा, कट्ट्याला गूळ घेऊन जाणारा, आपल्या भागाची बोली ऐकून थांबला आणि सगळी हकीकत ऐकून तिथेच बसला. दुपारी दुकानदार स्वतः बाहेर आला.

"मावशी, उठा. गाडी उघडून बघतो," तो म्हणाला.

मिस्त्रीनं स्टिअरिंगपुढचं पत्र्याचं झाकण काढलं आणि आतल्या वायरींचा जुडगा बाहेर ओढला. त्याबरोबर सीटवर माती सांडली. वाळलेली, काळीभोर, नदीच्या गाळाची माती. वायरींच्या आत, गाठीगाठींत ती बसली होती. आमच्याकडे तांबडी माती आणि पांढरी वाळू. एवढी काळी माती वाडीतल्या अर्ध्या माणसांनी जन्मात बघितली नव्हती. कुर्ली घाटावरच कुठल्या तरी नदीच्या पुरात बुडाली होती. वरून धुऊन, रंग फासून, डॉक्टरांची म्हणून ती आमच्या गळ्यात मारली होती. मिस्त्री मालकाकडे बघत राहिला आणि मालक रस्त्याकडे.

मग मात्र खुर्च्या आल्या. चहा आला. मघाचा रुमाल खिशात गेला. "जाऊ द्या हो मावशी," तो म्हणाला. "नव्या वायरी टाकून देतो. एक पैसा देऊ नका." आणि त्यानं एक टाइप केलेला कागद पुढे केला. इथे अंगठा करा, एवढंच.

मी कागद वाचला. ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे पाण्यात गेलेली गाडी आम्ही केवळ सौजन्य म्हणून दुरुस्त करून देत आहोत, असं त्यात होतं. 'सौजन्य' हा शब्द मी मुलांना शिकवला आहे. त्या दिवसापासून तो शिकवताना माझी जीभ अडते.

"काय लिवल्यान?" काकीनं विचारलं.

"सहदेवनं गाडी पाण्यात घातली असं लिहिलंय."

तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. तेवढ्यात सहदेव पुढे आला. सगळा वेळ तो पोरगा एक अक्षर बोलला नव्हता. तो म्हणाला, "आये, आंगठो दी. वायरी घालून घे. सगळ्यांची गाडी चालतली. माझा काय ता होवंदे."

"सगळ्यांची गाडी," काकी म्हणाली. "आणि नाव कोणाचा? गाडी बावीस जणांची आसा, तुझा नाव तुझ्या येकट्याचा. तुझो बापूस ता ठेवन गेलो. ता माका इकूचा नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तेका सांगा, वायरी तुझ्याकडेच ठेव."

मी सांगितलं. ह्या वेळी 'तू'चं 'तुम्ही' केलं नाही.

तो भडकला. मग गाडी आहे तशी न्या, म्हणाला. मिस्त्री बिचारा वायरी परत आत कोंबायला लागला तर त्यानं त्यालाही हाक मारून आत घेतलं. कुर्ली तिथे उभी होती, आतडी बाहेर काढलेल्या माशासारखी. घेतलेला माल आधी आपणच चिरायचा आणि मग असाच घेऊन जा म्हणायचं. काकीच्या हाऱ्यावर असं कुणी केलं असतं तर तिनं त्याला समुद्र दाखवला असता. इथे तिनं फक्त फडका झटकला आणि त्याची घडी घातली.

गुरुदासनं आपल्या ट्रकमागे दोर लावून कुर्लीला ओढत आणलं. घाटाच्या माथ्यावर दोर सोडला आणि सहदेवनं ती बंद गाडी नुसत्या ब्रेकवर, एकेक वळण घेत, खाली फोंड्यापर्यंत उतरवली. त्याचे हात असे स्थिर होते की मागे बसून मला मध्येच झोप लागली. ज्याला बदला म्हणत होते तो ड्रायव्हर हा. फोंड्याहून पुन्हा दोर, आणि गूळ उतरायचा तिथे, कट्ट्याला, ट्रकची वाट संपली. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर काकीनं वाडीत निरोप धाडला, तुमची गाडी कट्ट्याला आहे, येऊन घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत रापणीचे लोक आले. सगळे. खांद्यावर रापणीचा दोर. गुणाजी कुर्लीपाशी आला, लोंबणाऱ्या वायरी बघितल्या, सीटवरची माती चिमटीत घेतली, चुरली.

"घाटावरची," तो दाजीला म्हणाला.

दाजीनं मान हलवली. सगळ्यांनी एकेक करून आत वाकून बघितलं. मला वाटलं, आता कुणीतरी सहदेवच्या खांद्यावर हात ठेवील. पण गुणाजी वळला आणि म्हणाला, "चला, दोर बांधा फुडे." आणि माणसं दोर बांधायला लागली, जणू काहीच झालं नव्हतं. एका पोराला दोरावरून उतरवलं, त्याच्या आईला दारोदार तोंड लपवायला लावलं, आणि खोटं पडल्यावर काय, तर चला, दोर बांधा. मोठ्या आवाजात बोलायला मी तोंड उघडलंच होतं, पण सहदेव माझ्या आधी हलला. तो गाडीतून उतरला, दार लावलं आणि रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे बुटक्या भिंतीवर, आईशेजारी जाऊन बसला.

"रे, स्टेरिंगार बस मा," गुणाजी म्हणाला.

"तुमच्यातलो कोणय बसांदे," सहदेव म्हणाला. "मी रापणीत नाय."

स्टिअरिंग धरणारा त्यांच्यात दुसरा कुणी नव्हता. पहिल्याच वळणाला कुर्ली गटारात गेली असती, हे सगळ्यांना कळत होतं.

गुणाजी म्हणाला, "आता ता कित्याक काढतंस? माती बघितली मा आमी."

"माती बघितलास," यशोदाकाकी म्हणाली. ती उठली नाही. "आता तोंडान सांगा. चोर म्हणताना देवळात सगळ्यांनी तोंडान सांगितलास. तेवा कोणाची जीभ जड होवक नाय."

गुणाजी म्हणजे जन्मात शब्द मागे न घेतलेला माणूस. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"सहदेवान मासो पुरूक नाय," तो म्हणाला.

"बाकीचे?" काकीनं विचारलं.

मग दाजी म्हणाला. मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. दोरावर उभे राहतात त्याच क्रमानं ते म्हणत गेले. कुणी खाली बघून, कुणी समोर बघून. एक जण पुटपुटला तेव्हा काकी म्हणाली, "माका आयकाक येवक नाय," आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. त्या माणसांवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण हेही सांगायला हवं की चुकलं ते त्यांनी भर रस्त्यात, दिवसाढवळ्या सांगितलं. कोल्हापूरच्या पंख्याखाली बसलेल्या त्या शहाण्याला खुर्ची आणि चहा देऊनही ते जमलं नव्हतं.

सहदेव उठला. आम्हाला वाटलं, आता गाडीत बसेल. तो दोराकडे गेला. मधली एक जागा माणसांनी सवयीनं मोकळी सोडलेली होती. तिथे जाऊन त्यानं दोर खांद्यावर घेतला.

"अरे, मगे स्टेरिंग कोण धरतलो?" दाजीनं विचारलं.

"आये, तू बस," सहदेव म्हणाला. "सपाटी आणि चढ तू सांभाळ. उतार इलो की मी येतंय. चाक नुसता रस्त्याच्या मधी धर."

पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. यशोदाकाकी गडग्यावरून उठली, पदर खोचला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. तिचे पाय खाली पोचत नव्हते, म्हणून मी रिकाम्या गाठोड्याचा फडका गुंडाळून तिच्या पाठीमागे दिला. गुणाजीनं हाळी दिली, दोर ताणला आणि कुर्ली हलली. काकीनं चाक दोन्ही हातांनी असं आवळून धरलं होतं की तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. लोक रस्त्याच्या कडेला येऊन बघत होते, कुणीतरी तिला हाक मारली, पण तिनं इकडेतिकडे बघितलं नाही. तिचे डोळे समोर दोरावर होते आणि ते भरून वाहत होते. गाडीच्या खिडकीशी चालता चालता मी पदर पुढे केला तर ती माझ्यावरच खेकसली, "डोळे मागसून पुसया गो. फुडे माझो झील आसा."